एक्केचाळीस वेळा सांभाळून

ज्या माणसाला मी चार वर्षं, सुट्टीचे दिवस धरून, रोज एकदा तरी मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्याबद्दल आता लिहायला बसले आहे. बरे शब्द किती निघतील, सांगता येत नाही. अजूनही त्यांची आठवण झाली की आधी हात कपाळावर जातो, मग बाकीचं.

नगरपालिकेत सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचे. आमच्या पाणीपुरवठा विभागात ते व्हॉल्व्हमन होते. म्हणजे ज्या दिवशी ज्या भागाची पाळी असेल त्याप्रमाणे जमिनीतले व्हॉल्व्ह उघडायचे आणि वेळ झाली की बंद करायचे, एवढं त्यांचं काम. मी त्याच विभागात अभियंता, पण कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, तो संपला की पुन्हा अर्ज आणि पुन्हा साहेबांच्या केबिनबाहेरचा बाक. माझं माहेर धाड या गावचं, त्यामुळे वऱ्हाडी बोलणं आणि वऱ्हाडी आडमुठेपणा, दोन्ही मी घरातच पाहिलेलं. मामांपुढे मात्र आमच्या घरचे सगळे आडमुठे अगदीच समजूतदार वाटायला लागले.

मी रुजू झाले त्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेला होता. पुढचे दोन बरेसे गेले न गेले, की पुन्हा एक कोरडा. धरणाच्या तळाशी जो साठा उरतो, ज्याला एरवी कोणी हात लावत नाही, त्यात तरंगता पंप सोडून आम्ही गावाला पाणी देत होतो. आधी पाच दिवसांआड, मग नऊ, मग पंधरा. पंधराव्या दिवशी नळ येणार म्हटल्यावर त्या दिवशी लोक कामाला जात नाहीत, कोणाच्या लग्नाला जात नाहीत, दारात भांडी मांडून बसतात. अशा वेळी मिनिटाला किंमत असते. म्हणून मी आठ दिवस डोकं घालून अख्ख्या गावाचं वेळापत्रक तयार केलं. प्रत्येक भागाला पंचेचाळीस मिनिटं, प्रत्येक भागाचा वेगळा रंग. भिंतीवर लावलं. मामा जवळ गेले, मान तिरपी करून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तसं नसते ते, म्याडम."

मग कसं असतं? तर ते कधीच सांगायचे नाहीत. विचारलं की "पाहू ना," म्हणायचे आणि सायकलीला टांग मारून निघून जायचे. "तसं नसते ते" आणि "पाहू ना" या दोन वाक्यांवर या माणसाने तीस वर्षं नोकरी केली.

त्यांची चावी म्हणजे छातीपर्यंत येणारी लोखंडी सळई, वर आडवा दांडा. त्या दांड्याला त्यांनी बायकोच्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी गुंडाळलेली होती, उन्हात लोखंड पोळतं म्हणून. ही चावी खांद्यावर टाकून ते सायकल चालवायचे आणि गल्लीत वळताना ती कोणाच्या तरी वायरला, तोरणाला, एकदा तर एका बाईने वाळत घातलेल्या गोधडीला अडकली. गोधडी चावीवर घेऊनच पुढच्या व्हॉल्व्हला पोचले. बाई मागून बोंबलत आल्या, तेव्हा म्हणाले, घ्या, वाळली.

फोनचं तर नावच काढू नका. व्हॉल्व्ह उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते फोन उचलत नसत. कारण काय, तर आटे मोजताना बोलता येत नाही. आटे म्हणजे चावीचे फेरे. कुठे सात, कुठे अकरा, कुठे साडेतेरा, सगळे त्यांच्या डोक्यात. मोठ्याने मोजायचे, आणि मध्येच कोणी बोललं तर सगळा व्हॉल्व्ह पुन्हा बंद करून पहिल्यापासून सुरुवात. एकदा एक नगरसेवक आपल्या गल्लीला दोन आटे जास्त द्या म्हणून सांगायला त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. मामा तेव्हा नवावर होते. नगरसेवक बोलले, मामांनी नऊ आटे बंद केले आणि एकपासून मोजायला लागले. नगरसेवक पुन्हा बोलले, मामांनी पुन्हा बंद केले. असं चार वेळा झालं. शेवटी गल्लीतल्या बायाच नगरसेवकाला म्हणाल्या, भाऊ, तुमी जा बरं घरी. हा किस्सा सगळं गाव हसत हसत सांगतं. त्या दिवशी पुढच्या तीन भागांना पाणी उशिरा गेलं आणि साहेबांनी झापलं कोणाला? मला. ते कोणी सांगत नाही.

साहेब म्हणजे आमचे मुख्याधिकारी. माणूस वाईट नव्हता, पण वरून फोन आला की तो जसाच्या तसा खाली माझ्यावर सोडायचा.

माझ्या वेळापत्रकाचा खरा बट्ट्याबोळ केला तो मामांच्या शेवटच्या घराने. मागची वस्ती म्हणून गावाच्या चढावर एक भाग आहे. तिथलं अगदी टोकाचं घर एका मावशींचं. नळाला सगळ्यात शेवटी पाणी पोचतं ते त्यांच्या. मामांचा नियम असा की प्रत्येक भागात शेवटच्या घरी जायचं, तिथल्या नळाचं ताजं पाणी पेलाभर प्यायचं, तोंडात घोळवायचं आणि मगच व्हॉल्व्ह बंद करायला निघायचं. माझी पंचेचाळीस मिनिटं कधीच उलटलेली असायची. पुढचा भाग दारात भांडी मांडून माझ्या नावाने खडे फोडत असायचा, आणि इकडे हे महाशय ओट्यावर बसून पाणी चाखतायत!

एकदा मी तळतळून विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, वरवट बकालकडचा मानूस हाय मी, खारं पानी पिऊन वाढलो. तिकडच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, चहासुद्धा फाटतो, हे मलाही माहीत होतं. पण त्याचा माझ्या वेळापत्रकाशी काय संबंध? गोडं पाणी शेवटच्या घराले पोचलं का, हे पाहिल्याशिवाय 'पाणी दिले' असं लिहिता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिल्या घराचं काय, त्याले तं येतेच. मी हात टेकले.

मग आला नकाशा. टंचाईच्या कामांसाठी जिल्ह्यातून पत्र आलं की गावातल्या सगळ्या व्हॉल्व्हचा नकाशा करून पाठवा, महिनाभरात. गावात व्हॉल्व्ह किती, हेच कागदावर कुठे नव्हतं. जुना नकाशा कोणीतरी कधीतरी नेला तो परत आलाच नाही. म्हणजे नकाशा एकच, आणि तो सायकलवर फिरणारा. मी मामांना म्हटलं, चला, दाखवा सगळे. तीन दिवस त्यांनी मला उन्हातान्हात हिंडवलं. एक व्हॉल्व्ह पानटपरीखाली होता, टपरीवाल्याने सामानासकट टपरी सरकवली तेव्हा दिसला. एक देवळाच्या पायरीखाली. एक तर एका घराच्या मोरीत निघाला, कारण त्या माणसाने रस्त्यावर दोन हात पुढे येऊन मोरी बांधली होती. मामा त्या घरी बिनदिक्कत हाक देऊन आत शिरायचे आणि आंघोळ चालू असेल तर बाहेर चावी टेकवून उभे राहायचे. मीही उभी राहिले. अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी परक्या माणसाची आंघोळ उरकायची वाट बघत उभी होते.

एक्केचाळीस व्हॉल्व्ह भरले. जागा कळल्या, पण कोणाचे आटे किती, कोण जड, कोणाला जपायचं, ते काही सांगेनात. मी रजिस्टर आखून दिलं, शेरा म्हणून रकाना केला आणि सांगितलं, मामा, प्रत्येक व्हॉल्व्हपुढे त्याचं जे काही वैशिष्ट्य असेल ते लिहा, मला दोन दिवसांत हवंय. दोन दिवसांनी रजिस्टर आलं. मला इतका आनंद झाला की मी आधी चहा मागवला आणि मग उघडलं. पहिल्या व्हॉल्व्हपुढे लिहिलं होतं, सांभाळून. दुसऱ्यापुढे, सांभाळून. तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या, सगळ्यांपुढे तेच, ठसठशीत अक्षरात. एक्केचाळीस वेळा सांभाळून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मामा, ही थट्टा आहे का? ते खरंच गोंधळून माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, खोटं काय लिहिलं?

त्या दिवशी मी साहेबांना लेखी दिलं. व्हॉल्व्हमन माहिती देत नाहीत, वेळापत्रक पाळत नाहीत, त्यांना दुसऱ्या कामावर घ्यावं. साहेबांनाही बरंच झालं. मामांची बदली गावाबाहेरच्या विहिरीवर टँकर भरायच्या कामावर झाली. आदेश हातात दिला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. चावी भिंतीला टेकवून ठेवली, दांड्यावरची हिरवी चिंधी सोडली, घडी करून खिशात घातली. माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मी मुद्दाम कागदात डोकं घातलं. खरं सांगते, मला तेव्हा फार हलकं वाटलं होतं.

आठ दिवस सगळं घड्याळावर चाललं. फिटर म्हणून आमच्याकडे एक चांगला माणूस होता, तो आणि मी मिळून व्हॉल्व्ह फिरवायचो. आटे अंदाजाने. कुठे कमी पडलं, कुठे जास्त झालं, पण पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. मी कोणाच्या ओट्यावर बसून पाणी चाखत नव्हते.

नवव्या दिवशी मागच्या वस्तीची पाळी होती. सकाळी सहाला मी टाकीवर गेले. उंच टाकी काठोकाठ भरलेली. त्या टाकीच्या बुडाशी एक जुना व्हॉल्व्ह आहे, टाकी धुतली की गाळाचं पाणी त्यातून बाहेर सोडायचं. ते पाणी नळीने दूर, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या नाल्यात जातं. एरवी हा व्हॉल्व्ह बंद असतो. पण तो थोडा गळायचा. नाल्यातल्या नळीच्या तोंडाशी थेंब थेंब पडून तिथे हातभर जागेत हिरवं गवत उगवलं होतं, आणि चहूकडे नुसती धूळ असताना ते हिरवं गवत माझ्या डोळ्यात खुपायचं. लोक पंधरा दिवस वाट पाहतात आणि आपण थेंब थेंब नाल्यात घालवतो! मामांना कितीदा सांगितलं होतं, हा घट्ट करा. तेवढं राहू द्या, म्याडम, एवढंच उत्तर. त्या दिवशी मी फिटरला म्हटलं, आता कर बरं घट्ट. त्याने चावी लावली, बंद करायच्या बाजूला फिरवली आणि ती चांगली पाच-सहा आटे सहज फिरली. बघ, मी म्हटलं, किती सैल ठेवला होता मामांनी. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

तिथून आम्ही मागच्या वस्तीला गेलो, तिथला व्हॉल्व्ह उघडला. नळाला दहा मिनिटं बारीक धार आली. मग फुसफुस. मग काही नाही. वाटलं, नळीत हवा अडकली असेल. आम्ही या व्हॉल्व्हवरून त्या व्हॉल्व्हवर दोन तास धावलो. लोक घराबाहेर यायला लागले. मग फिटरच्या मोबाइलवर कोणीतरी व्हिडिओ पाठवला. जिनिंगच्या मागे नाल्यात दुथडी पाणी वाहतंय, बकऱ्या पितायत, दोन माणसं मोटारसायकली धुतायत, आणि बोलणारा म्हणतोय, बघा नगरपालिकेचा कारभार.

धावत टाकीवर आलो. फिटर म्हणाला, व्हॉल्व्ह नीट बसला नाही वाटते. मी म्हटलं, आणखी घट्ट कर. त्याने जोर लावून आणखी घट्ट केला. मी शिडी चढून टाकीत पाहिलं. तळ दिसत होता, आणि वरून पंपाचं जे पाणी पडत होतं ते पडल्या पडल्या निघून जात होतं. फिटरचा चेहरा उतरला. आटे घसरले, म्याडम, म्हणाला, आता काही हा बंद होत नाही.

मी मामांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. मी काय झालं ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, हात नका लावू आता.

टँकरवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. माझ्याकडे पाहिलं नाही. फिटरला आणि टँकरवाल्याला म्हणाले, तुमी नाल्यावर जा, पानी थांबलं की फोन करा. ते दोघं गेले. मग खिशातून हिरवी चिंधी काढली, दांड्याला गुंडाळली आणि चावी फिरवायला लागले. उलट्या बाजूला. म्हणजे कोणताही व्हॉल्व्ह ज्या बाजूला फिरवला की उघडतो, त्या बाजूला. आटे मोजत होते. अकरा झाले तेव्हा फिटरचा फोन आला, पाणी थांबलं.

तो व्हॉल्व्ह उलटा होता. कोणत्या तरी जमान्यात कोणत्या तरी ठेकेदाराने उलट्या आट्यांचा बसवून दिला होता. आम्ही सकाळी तो बंद केला नव्हता, उघडला होता. आणि मग आणखी घट्ट करायच्या नावाखाली आणखी उघडला होता. दोन-अडीचशे घरांचं पंधरा दिवसांचं पाणी मी माझ्या हाताने नाल्यात सोडलं होतं.

मग माझं डोकंच फिरलं. मी ओरडलेच. "हा उलटा आहे हे तुम्ही मला सांगितलं काऊन नाही?"

मामा चिंधी सोडत होते. शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं तं मले ठेवलं असतं का?"

आणि मग, चार वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. एकोणीस वर्षं ते रोजंदारीवर होते. मागे एका साहेबांनी नऊ रोजंदार माणसं एकदम कमी केली, त्यात मामा. चौथ्या दिवशी टाकी धुतल्यावर कोणीतरी हा व्हॉल्व्ह बंद करायला गेलं आणि हेच झालं. तेव्हा मामांना आणायला घरी जीप आली होती. बाकीच्या आठ जणांना नाही आली. तेव्हापासून त्यांना कोणी हात लावला नाही, आणि पुढे कायमही केलं. "त्या वॉलनं मले नोकरी देली, म्याडम. पोरीचं लग्न त्यानंच केलं म्हना." चावी देताना तोंडात आलं होतं, असंही म्हणाले. पण मी मान वर केली नाही, मग त्यांना वाटलं, विचारतील तेव्हा सांगू.

मी खरंच मान वर केली नव्हती.

फिटर परत आला तेव्हा मामांनी त्याला सांगितलं, आटे घसरले होते, बसवले. त्याने विश्वास ठेवला. मग मामा मला म्हणाले, चला, मागच्या वस्तीत सांगाव लागन. मी म्हटलं, कोणाला तरी पाठवू, ग्रुपवर टाकू. तर म्हणाले, शेवटच्या घराले ग्रुप नाही.

टोकाच्या घरी मावशींनी ओट्यावर भांडी मांडून ठेवली होती. पाण्याचे पितळी गुंड, कळश्या, एक निळा ड्रम, दोन पातेली, आणि अगदी शेवटी एक दुधाची बरणी. आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. सून बाळंतीण होती, आठवा दिवस. मामांनी सांगितलं, मावशी, आज नाही येत पानी. मावशींनी काऊन म्हणून विचारलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं. मीच म्हणाले, माझ्या हातून चुकलं. मावशींनी भांड्यांकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. मला वाटलं, आता येऊन चार शिव्या देतील, आणि त्या द्याव्यात असंच मला वाटत होतं. त्या पेलाभर पाणी घेऊन आल्या.

मामांपुढे धरला, तर मामांनी हात आडवा केला. आज नाही पीत, म्हणाले, नळ आला की पीन. मग मावशींनी तो माझ्यापुढे धरला. "तुमी घ्या, बाई. उन्हातून आल्या."

नाही म्हणावं तर त्यांचा अपमान, घ्यावं तर ते पाणी कुठून आलं हे मला दिसत होतं. आतल्या दारातून माठ दिसत होता, आणि त्यात पेला किती खाली गेला तेही ऐकलं होतं. मी ते पाणी प्याले. एक एक घोट लागला. तसं पाणी पुन्हा माझ्या वाट्याला येऊ नये.

त्या दिवशी मामांनी खेड्याला निघालेला एक टँकर परस्पर मागच्या वस्तीत वळवला. घरटी दोन गुंड पाणी मिळालं, आणि खेड्यातल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या टेबलावर हात आपटले. बरोबरच होतं त्यांचं. मामा नेहमीप्रमाणे तिथे नव्हते.

साहेबांनी अहवाल मागितला. त्यांनी सुचवलंही, मामांनी माहिती दडवली असं लिहा म्हणजे विषय मिटेल. मी लिहिलं, व्हॉल्व्ह माझ्या सांगण्यावरून फिरवला, तो नीट बसला नाही. उलट्या आट्यांचं काही लिहिलं नाही. मामांना निवृत्त व्हायला आठ महिने होते आणि माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, असं म्हणा. मला नोटीस मिळाली, मामांना चावी परत मिळाली. आभार वगैरे काही नाही. उलट माझ्यावरच चिडले. म्हणाले, अकरा महिन्याच्या मानसानं असं लिहून देत असते का?

मी म्हटलं, बरं, पण त्या व्हॉल्व्हवर आता खूण करा. तर म्हणाले, मी जाईस्तोर थांबा, जायच्या दिवशी मीच करून देतो. आणि मी थांबले. आठ महिने त्या टाकीखालून जाताना रोज वाटायचं की उद्या मामा आजारी पडले, मी रजेवर असले, आणि कोणी चावी लावली तर? तरी थांबले. त्या आठ महिन्यांत त्यांनी मला एक एक व्हॉल्व्ह माझ्या हाताने फिरवायला लावला, मोठ्याने मोजत. आटे चुकले की पहिल्यापासून. भर बाजारात मी मोठमोठ्याने साडेतेरा म्हणत उभी, आणि लोक बघतायत. मागच्या वस्तीला जायची वेळ आली की शेवटच्या घरीही जायचे मी. पंचेचाळीस मिनिटांचं म्हणाल तर तो रंगीत कागद पुढे कोणी तरी काढून टाकला, मी विचारलं नाही कोणी.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला, साहेबांनी भाषण केलं, मामांनी भाषणात काय म्हणावं? "सगळ्यांनी सांभाळून राहा." मग मला म्हणाले, चला टाकीवर. शब्द पाळायला निघाले होते. लाल रंगाचा डबा आणि ब्रश त्यांनी स्वतःच आणला होता. व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण पुसलं, गुडघ्यावर बसले आणि एक सुरेख, गोल वळणाचा बाण काढला. ब्रश पुसला, उठले.

मी वाट पाहत होते. मग विचारलं, मामा, हा बाण उघडायचा की बंद करायचा?

"तुमाले तं मालूम हाय."

मला माहीत आहे हो, पण पुढच्याला कसं कळणार? मामांनी इकडे तिकडे पाहिलं. आसपास कोणी नव्हतं. तरी आवाज खाली आणला.

"पुढच्यानं तुमाले इचारावं. तुमचा करार कधी सरते?"

"दोन महिन्यांनी."

"मंग? राहू द्या तसंच."

आता बोला. चार वर्षं ज्या गोष्टीसाठी मी या माणसावर जळत होते, तीच ते मला, जाताना, देऊन जात होते. तेवढं एकच त्यांच्याकडे द्यायला होतं, आणि ते त्यांनी मनापासून दिलं, हे कळत होतं मला. आणि हेही कळत होतं की दोन महिन्यांनी केबिनबाहेरच्या बाकावर मी बसेन तेव्हा या एका बाणाचा आधार वाटेल. पण शेवटच्या घरचा तो पेला माझ्या घशातून अजून खाली उतरला नव्हता. मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला, खाली बसले आणि बाणाखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, बंद. मग बाजूला लिहिलं, उलटे आटे. अकरा.

मामांनी झाकणावरचं वाचलं. त्यांचा तसा चेहरा मी चार वर्षांत पाहिला नव्हता. मला वाटलं रागावले. पण आवाज निघाला तो रागाचा नव्हता.

"आता तुमाले कोन ठेवन, म्याडम?"

मी ब्रश पुसून डब्यावर ठेवला. त्यांनी खिशातून हिरवी चिंधी काढली, भिंतीला टेकवलेल्या चावीच्या दांड्याला घट्ट गुंडाळली, गाठ मारली आणि सायकलीला टांग मारून गेले.

आयुष्यभर ज्यांनी फोन उचलला नाही, त्यांचा फोन आता दर अकरा महिन्यांनी न चुकता येतो. करार वाढला का, एवढंच विचारतात. मी म्हणते, वाढला, मामा. ते म्हणतात, पाहू ना.